मॅरिनर्सच्या पराभवांचे प्रकार, आणि तुमच्या मुलाचा प्रश्न

तुमचं म्हणणं मला असं कळलं: तुम्ही नागपूरचे, दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी बेलव्ह्यूला आलात. क्रिकेट लहानपणापासूनचं, बेसबॉल मात्र अजून नीटसा कळत नाही. नऊ वर्षांचा मुलगा शाळेतल्या मित्रांमुळे सिएटल मॅरिनर्सच्या पार प्रेमात पडलाय. २० ऑक्टोबर २०२५ ला टोरांटोत, वर्ल्ड सिरीज म्हणजे अंतिम मालिकेआधीच्या फेरीचा सातवा, निर्णायक सामना गेला, तेव्हा तो रात्री उशिरापर्यंत रडत होता आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जायला तयार नव्हता. ऑफिसातले लोक म्हणाले, या टीमचं असंच असतं, सवय होईल. म्हणून तुम्ही विचारताय की १९७७ पासून जी टीम एकदाही वर्ल्ड सिरीजला पोचलेली नाही, तिच्यात मुलाला गुंतू द्यावं, की डॉजर्स किंवा यांकीजसारख्या जिंकणाऱ्या टीमकडे हळूहळू वळवावं?

मी १९९४ मध्ये डोंबिवलीहून रेडमंडला आले, आणि तेव्हापासून ही टीम माझी आहे. गेली बरीच वर्षं आमच्या भागातल्या मुलांच्या लीगमध्ये स्कोअरर म्हणूनही बसते. त्यामुळे हरून रडणारी मुलं आणि त्यांची समजूत कशी काढावी हे न सुचणारे आईवडील, दोन्ही मी जवळून पाहिलेत.

टीम बदलण्याने तुमची अडचण सुटणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. अडचण ही आहे की तुम्हा दोघांनाही सगळे पराभव एकसारखे दिसताहेत. हरले म्हणजे हरले, आणि पन्नास वर्षं हरताहेत म्हणजे टीमच करंटी. पण या टीमचा इतिहास जवळून पाहिला तर पराभव निरनिराळे दिसतात. काही निव्वळ नशिबाचे, काही व्यवस्थापनाच्या चुकीचे, काही समोरच्याच्या कौशल्याचे. मुलाला हा फरक ओळखता आला की तो रडणार नाही असं नाही, पण कशासाठी रडतोय ते त्याला कळेल. माझ्या अनुभवात मुलांना सावरायला तेवढं पुरतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. तुम्ही सिएटलच्या परिसरात राहणार की व्हिसा आणि नोकरी उद्या डॅलसला नेणार, हे महत्त्वाचं आहे. मुलगा रडून मोकळा होणारा आहे की आत ठेवणारा, हेही. ऑक्टोबरनंतर त्याची झोप, भूक, शाळा आठवड्याभरात जागेवर आली असेल तर काळजीचं कारण नाही. महिनाभर तो गप्पच राहिला असेल तर त्याचा बेसबॉलशी संबंध नसेल, मग दुसरीकडे बघा. दोन वर्षांपूर्वी देश बदललेल्या मुलाला या टीममुळे वर्गात मित्र मिळाले असतील, तर मॅरिनर्सचा सदरा त्याच्यासाठी नुसता सदरा नाही. तो काढून घेताना आपण काय काढून घेतोय याचा विचार करा. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तुम्ही त्याच्याशेजारी बसून सामना बघता की तो एकटाच बघतो. माझं पुढचं सगळं म्हणणं तुम्ही शेजारी बसाल हे गृहीत धरून आहे.

क्रिकेटवाल्यांना पहिली अडचण येते ती सामन्यांच्या संख्येची. आयपीएलमध्ये एका टीमचे साखळी सामने १४. तिथे लागोपाठ चार पराभव म्हणजे मोसम हातातून जायची वेळ. बेसबॉलमध्ये नियमित मोसमाचे सामने १६२, एप्रिल ते सप्टेंबर जवळजवळ रोज. २०२५ मध्ये सगळ्यात जास्त सामने जिंकणारी टीम होती मिलवॉकी ब्रुअर्स: ९७ जिंकले, ६५ हरले. त्याच वर्षी मॅरिनर्सनी ९० जिंकले, ७२ हरले, आणि २००१ नंतर पहिल्यांदाच आपला डिव्हिजन, म्हणजे गट, जिंकला. म्हणजे उत्तम मोसमातही तुमचा मुलगा सत्तरएक रात्री हरलेल्या टीमचा चाहता म्हणून झोपला. खेळाडूंचंही तेच. इचिरो सुझुकीने २००४ मध्ये मॅरिनर्सकडून २६२ हिट (बेसवर पोचवणारे फटके) मारून १९२० पासूनचा, जॉर्ज सिसलरचा २५७ चा विक्रम मोडला. त्या वर्षी तो ७०४ वेळा अधिकृत 'ॲट बॅट'ला, म्हणजे बॅटिंगला, आला. म्हणजे इतिहासातल्या सर्वोत्तम मोसमातही तो ४४२ वेळा हिटशिवाय राहिला. या खेळात अपयश रोजचं असतं. ते पचलं की बाकीचं कळायला लागतं.

आता टीम खरंच चांगली की वाईट हे कसं ओळखायचं? विजय-पराभवांचा तक्ता सगळे बघतात. मी त्याच्याशेजारचा आकडा बघते: केलेल्या धावा वजा दिलेल्या धावा. एका धावेने लागलेल्या सामन्यांत नशिबाचा वाटा मोठा असतो, तो एखाद्या वर्षी तुमच्या बाजूने वळतो. धावांचा फरक इतक्या सहज फसवत नाही. मॅरिनर्सच्या इतिहासातला एक मोठा खड्डा हा आकडा न ऐकल्यामुळे पडला, तो जरा सविस्तर सांगते.

२००७ मध्ये टीमने ८८ सामने जिंकले, ७४ हरले. शहरात आनंदीआनंद. पण त्या वर्षी तिने केल्या होत्या ७९४ धावा आणि दिल्या होत्या ८१३. म्हणजे ही मुळात बरोबरीच्याही खालची टीम होती, निकाल तेवढे बाजूने लागले होते. व्यवस्थापनाने मात्र ८८ हा आकडा खरा मानला. आपण जिंकण्याच्या उंबरठ्यावर आहोत, एक मोठा पिचर (चेंडू टाकणारा) मिळाला की झालं, या हिशेबाने फेब्रुवारी २००८ मध्ये बाल्टिमोरच्या एरिक बेडार्डसाठी पाच खेळाडू दिले. त्यांत होता बावीस वर्षांचा ॲडम जोन्स आणि तरुण पिचर ख्रिस टिलमन. जोन्स पुढे बाल्टिमोरकडून पाच वेळा ऑल-स्टार झाला. बेडार्ड दुखापतींमुळे २००८ मध्ये १५ आणि २००९ मध्येही १५ सामन्यांतच सुरुवातीचा पिचर म्हणून उतरू शकला. २००८ चा हिशेब: ६१ विजय, १०१ पराभव. खेळाडूंच्या पगारावर १० कोटी डॉलरहून जास्त खर्च करून शंभर सामने हरणारी ती पहिली टीम ठरली.

याला मी नशीब म्हणत नाही. आकडे समोर होते, ते वाचले नाहीत. असे पराभव मला सर्वांत जास्त लागतात, कारण ते एका रात्रीपुरते नसतात, त्यांचे परिणाम दहा वर्षं भोगावे लागतात. २०१० मध्ये टीम पुन्हा १०१ सामने हरली आणि अख्ख्या मोसमात जेमतेम ५१३ धावा केल्या. त्याच मोसमात फेलिक्स हर्नांडेझने सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला, ज्याचे स्वतःचे विजय होते १३ आणि पराभव १२. तो दर नऊ इनिंगला, म्हणजे एका पूर्ण सामन्याला, सरासरी सव्वादोन धावा देत होता, आणि त्याच्या टीमला त्याच्यासाठी बऱ्याचदा तीनही काढता येत नव्हत्या.

फेलिक्सबद्दल थोडं जास्त बोलू द्या. १९ व्या वर्षी, २००५ मध्ये तो आला आणि २०१९ पर्यंत याच टीमसाठी खेळला. १५ ऑगस्ट २०१२ ला दुपारच्या उन्हात त्याने टॅम्पा बेविरुद्ध परफेक्ट गेम टाकला: २७ बॅटर आले, २७ गेले, एकही बेसवर पोचला नाही, निकाल १-०. डाव्या कोपऱ्यातल्या, फेलिक्सच्या चाहत्यांच्या 'किंग्ज कोर्ट'मध्ये पिवळे सदरे घालून बसलेली माणसं शेवटच्या इनिंगला जागेवर बसूच शकत नव्हती. आणि हा माणूस आख्ख्या कारकिर्दीत प्लेऑफचा एकही सामना खेळला नाही. टीम २००१ मध्ये प्लेऑफला गेली ती थेट २०२२ मध्येच पुन्हा पोचली, आणि फेलिक्सची सगळी वर्षं त्या मधल्या काळात गेली. मला कोणी विचारलं की मॅरिनर्सच्या बाबतीत तुम्हाला सर्वांत जास्त कशाचं दुःख आहे, तर टोरांटोचा सातवा सामना मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन. पहिल्यावर फेलिक्स आहे.

आता नशिबाचा पराभव. २००१ मध्ये मॅरिनर्सनी ११६ सामने जिंकले. शिकागो कब्जच्या १९०६ च्या विक्रमाची बरोबरी. धावांचा फरक बरोबर ३०० चा, म्हणजे फसवा आकडा अजिबात नव्हता. इचिरो जपानहून आला आणि पहिल्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू, दोन्ही किताब घेऊन गेला. आणि हीच टीम प्लेऑफमध्ये ९५ सामने जिंकलेल्या यांकीजकडून ४-१ अशी हरली. १९०६ चे कब्जही वर्ल्ड सिरीज हरलेच होते. याचं कारण गणितात आहे. १६२ सामन्यांत जी टीम दहापैकी सात सामने जिंकते, तीसुद्धा कुठल्याही पाच-सात सामन्यांच्या तुकड्यात सहज घसरू शकते. मुळात प्लेऑफ हा छोटा तुकडाच. त्याच २००१ च्या ऑगस्टमध्ये, ११६ विजयांच्या त्या मोसमात, क्लीव्हलंडविरुद्ध १४-२ अशी आघाडी असताना आम्ही १५-१४ ने हरलो होतो. ऑगस्टमध्ये अशी रात्र आली तर दुसऱ्या दिवशी सामना असतो आणि माणूस विसरतो. ऑक्टोबरमध्ये आली तर ती वीस वर्षं लक्षात राहते.

२०२२ ची मालिका बरीचशी याच प्रकारची. ३० सप्टेंबरला कॅल रॅलीने नवव्या इनिंगमध्ये, दोन बाद असताना, बदली बॅटर म्हणून येऊन होमरन (आपल्या षटकारासारखा, चेंडू कुंपणाबाहेर) मारला आणि इतक्या वर्षांचा दुष्काळ संपवला. टोरांटोत ८-१ असे मागे पडूनही १०-९ ने जिंकलो. मग ह्यूस्टनने तीन सरळ सामन्यांत घरी पाठवलं. तिसरा सामना १८ इनिंगांचा झाला, सहा तासांहून जास्त चालला, आणि शेवटी एका होमरनवर १-० असा गेला. त्या सामन्यात कोणी काय चुकलं हे मी स्कोअरबुक उघडून बघते तेव्हा एकही ठळक चूक सापडत नाही. दोन्हीकडचे पिचर अप्रतिम होते, आणि चेंडू एकदा त्यांच्या बॅटवर नीट बसला.

या पार्श्वभूमीवर आता टोरांटोचा सातवा सामना बघू, कारण मुलाच्या मनात तोच आहे.

माझ्या स्कोअरबुकात सातव्या इनिंगचा रकाना असा आहे. मॅरिनर्स ३-१ ने पुढे. पिचर ब्रायन वू. पहिला बॅटर बार्जर, वॉक (चार वाईट चेंडूंवर फुकट पहिला बेस). दुसरा काइनर-फलेफा, हिट. तिसरा हिमेनेझ, बंट करून (बॅट न फिरवता चेंडू हलकेच अडवून) स्वतः बाद झाला आणि दोघांना पुढे सरकवलं. एक बाद, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर माणसं. वर्ल्ड सिरीज आठ बळींवर आली होती. समोर जॉर्ज स्प्रिंगर. इथे मॅनेजर डॅन विल्सनने वूला काढून एदुआर्द बासार्दोला आणलं. स्प्रिंगरने तीन धावांचा होमरन मारला, ४-३, आणि सामना तिथेच संपल्यासारखा झाला.

बासार्दो का? त्याचा चेंडू खाली बुडतो, जमिनीवरून फटका निघण्याची शक्यता जास्त. विचार समजण्यासारखा आहे. पण माझं मत वेगळं आहे. तिसऱ्या बेसवर माणूस आणि एकच बाद असताना जमिनीवरच्या फटक्यावरही धाव निघू शकते. त्या क्षणी हवा होता स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद, फटकाच नाही), आणि स्ट्राइकआउट काढणारा आंद्रेस मुन्योस बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांच्या जागेत, होता. तो क्लोजर, म्हणजे नवव्या इनिंगसाठी राखलेला. पण सामन्याचा सर्वांत कठीण प्रसंग सातव्या इनिंगमध्ये आला होता, नवव्याची वाट बघायला जागा नव्हती. म्हणून हा पराभव मी निर्णयाच्या खात्यात लिहिते, आणि निम्मं श्रेय स्प्रिंगरला देते. तो अशा ऑक्टोबरांत वर्षानुवर्षं हेच करत आलाय. शापबिप काही नाही. आणि विल्सनला मी खलनायकही करणार नाही. तो १९९५ च्या टीमचा कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा) आहे, हे दुःख त्याला तुमच्या-माझ्याहून कमी झालं नसणार.

मुलाला याची दुसरी बाजूही दाखवा. दहाच दिवस आधी डेट्रॉइटविरुद्धचा निर्णायक सामना आपण १५ इनिंगांनंतर ३-२ ने जिंकलो होतो. तो तितक्याच सहज जाऊ शकला असता. तेव्हा डेट्रॉइटमधली मुलं रडली. आणि ज्या टोरांटोने आपल्याला हरवलं, ती टीम बाराच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, स्वतःच्या मैदानावर वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना अकराव्या इनिंगमध्ये ५-४ ने हरली. नवव्या इनिंगमध्ये विजेतेपद दोन बळींवर होतं. टोरांटोत त्या रात्री काय झालं असेल हे तुमच्या मुलाला कोणापेक्षाही जास्त कळेल.

या खेळात एक नुकसान पराभवाहून मोठं आहे, ते म्हणजे टीमच शहर सोडून जाणं. सिएटलने ते भोगलंय. १९६९ मध्ये इथे पायलट्स नावाची टीम होती. एकच मोसम खेळली आणि १९७० मध्ये मिलवॉकीला गेली. वर ज्या ब्रुअर्सचं नाव घेतलं, त्या ह्याच. त्यावरच्या कोर्टकचेरीतून १९७७ मध्ये मॅरिनर्स मिळाले. मग १९९२ मध्ये मॅरिनर्सही टॅम्पा बेला जायच्या बेतात होते, तेव्हा निन्टेन्डोचे हिरोशी यामाउची यांच्या पैशाने टीम इथे राहिली. बास्केटबॉलचे सॉनिक्स २००८ मध्ये ओक्लाहोमा सिटीला गेले ते गेलेच. ओकलंडच्या लोकांनी २०२४ च्या शेवटी त्यांची बेसबॉल टीम एज (ॲथलेटिक्स) गमावली.

१९९५ चं महत्त्व यासाठी आहे. ऑगस्टच्या सुरुवातीला मॅरिनर्स आपल्याच डिव्हिजनमधल्या एंजल्सच्या १३ सामने मागे होते. किंगडोम नावाचं जुनं सिमेंटचं स्टेडियम, ज्याच्या छताच्या फरशा आदल्या वर्षी खाली पडल्या होत्या. सप्टेंबरात नव्या स्टेडियमसाठीचा कर मतदारांनी थोडक्यात नाकारला. टीम जाणार हे जवळपास ठरल्यासारखं होतं. आणि त्याच आठवड्यांत ती जिंकत सुटली. एंजल्सना गाठलं, बरोबरी फोडणाऱ्या एका सामन्यात पिचर रँडी जॉन्सनने त्यांना ९-१ ने गुंडाळलं. मग यांकीजविरुद्ध ०-२ वरून २-२. पाचव्या सामन्यात, ११ व्या इनिंगमध्ये ५-४ ने मागे असताना एडगर मार्टिनेझने डाव्या रेषेवरून डबल (दोन बेसचा फटका) मारला. तिसऱ्या बेसवरून जोई कोरा आला, आणि पहिल्या बेसवरून केन ग्रिफी ज्युनियर असा धावत सुटला की तो 'घरी', म्हणजे होम प्लेटवर, घसरत पोचला तेव्हा सगळी टीम त्याच्या अंगावर होती. ६-५. मी ते रेडिओवर ऐकलं. डेव्ह नीहाउसचा आवाज मला आजही जसाच्या तसा ऐकू येतो. १९७७ पासून २०१० मध्ये जाईपर्यंत तो या टीमचा आवाज होता, आणि ५२० महामार्गाच्या पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये त्यानेच मला बेसबॉल शिकवला. त्याच महिन्यात विधिमंडळाने स्टेडियमसाठी पैशाची तजवीज केली, १९९९ मध्ये नवं मैदान उघडलं. पुढच्या फेरीत आम्ही क्लीव्हलंडकडून ४-२ ने हरलोच. वर्ल्ड सिरीज काही मिळाली नाही. पण ती टीम नसती तर आज तुमच्या मुलाला रडायला सिएटलची टीमच नसती.

तुम्ही नागपूरचे, म्हणून एक गोष्ट तुम्हाला वेगळी सांगायला नको. विदर्भ रणजीत १९५७-५८ पासून खेळत होता आणि पहिला चषक आला तो २०१७-१८ मध्ये, इंदूरला दिल्लीला हरवून. त्या साठ वर्षांत जामठ्याच्या किंवा जुन्या व्हीसीएच्या मैदानावर जाणाऱ्यांना मुंबईची टीम घ्या असं कोणी म्हटलं असतं तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं, ते आठवा.

डॉजर्स-यांकीजबद्दल मला राग नाही. कोणाचं मन तिकडे आपोआप गेलं तर जाऊ दे. पण जिंकण्याची हमी म्हणून निवडणार असाल तर हमी तिथेही नाही. डॉजर्सनी २०२४ आणि २०२५ लागोपाठ जिंकलं खरं, पण १९८८ नंतर २०२० पर्यंत ते ३२ वर्षं कोरडे होते. यांकीजचा शेवटचा चषक २००९ चा. म्हणजे तुमच्या मुलाने जन्मल्यापासून यांकीजचाच सदरा घातला असता तरी त्याला अजून एकही विजेतेपद दिसलं नसतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. पहिलं म्हणजे एक स्कोअरबुक आणि दोन पेन्सिली घ्या. प्रत्येक बॅटरचा चौकोन, त्यात तो कसा बाद झाला किंवा कुठवर पोचला याची खूण. स्ट्राइकआउटला 'के', आणि बॅट न फिरवता बघत उभा राहून बाद झाला तर उलटा 'के'. मुलांना हा उलटा 'के' फार आवडतो. आमच्या लीगमध्ये मी पाहिलंय की जे मूल नोंद ठेवतं, ते हरल्यावर लवकर बोलतं होतं, कारण त्याच्याकडे बोलायला काहीतरी ठोस असतं. 'आपण हरलो' ऐवजी ते म्हणतं, 'चौथ्या इनिंगमध्ये तीन माणसं बेसवर होती आणि एकही आला नाही.' सामना गेल्यावर त्याला 'खेळच आहे, सोड' म्हणू नका. त्याच्यासाठी तो नुसता खेळ नाही आणि तुम्हाला ते माहीत आहे. कोणत्या इनिंगमध्ये गेला, एवढंच विचारा.

दुसरं, त्याला एव्हरेटला घेऊन जा. तिथे ॲक्वासॉक्स ही मॅरिनर्सची शिकाऊ टीम खेळते, आणि टकोमाला रेनियर्स, जी मुख्य टीमच्या एकच पायरी खाली. तिकिटं स्वस्त, बसायला अगदी जवळ, खेळाडू सही देतात. आज एव्हरेटला पाहिलेला पोरगा दोन-तीन वर्षांनी मोठ्या मैदानावर दिसला की टीम म्हणजे काय हे मुलाला वेगळंच कळतं. चढउतारही तिथूनच समजतात: खालची रांग भरलेली असेल तर वरच्या टीमचं एक वाईट वर्ष फार मनाला लावून घ्यायचं नसतं.

तिसरं, मोठ्या मैदानावर एप्रिलमधल्या साध्या मंगळवारी-बुधवारी जा. थंडी असते, जाड जॅकेट न्या. तिथलं सरकतं छत फक्त पाऊस अडवतं, बाजू उघड्याच असतात, त्यामुळे आत ऊब नसते. त्या गार, जड हवेत चेंडू लांब जात नाही. म्हणून आपल्याकडे सामने २-१, ३-२ असे होतात, आणि बाहेरचे नावाजलेले बॅटर इथे यायला कचरतात. टीम नेहमी पिचिंगच्या जोरावर का उभी राहते याचं निम्मं उत्तर त्या थंडीत आहे. याच मैदानावर निम्मे सामने खेळून रॅलीने २०२५ मध्ये ६० होमरन मारले, कोणत्याही कॅचरने एका मोसमात मारलेले सर्वाधिक. ते किती अवघड होतं हे तिथे एक एप्रिल काढल्याशिवाय लक्षात येत नाही. २०२३ पासून पिच क्लॉक (चेंडू टाकायला वेळेची मर्यादा) आल्याने सामने साधारण पावणेतीन तासांत आटपतात, तेव्हा शाळेच्या रात्रीही सातव्या इनिंगपर्यंत थांबता येतं.

डॅलसला जावं लागलं तर? टेक्सास रेंजर्स आपल्याच डिव्हिजनमध्ये आहेत, त्यामुळे मॅरिनर्स तिथे दरवर्षी खेळायला येतात. मूल दोन्हीकडे जीव लावू शकतं, आमच्या ओळखीत तशी घरं आहेत. तेव्हा त्याच्यावर सोडा.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न: पुढे ही टीम वर जाईल की खाली? रॅलीचा २०२५ मध्ये सुरू झालेला सहा वर्षांचा करार आहे, हुलिओ रॉड्रिगेझ लांब मुदतीने बांधलेला आहे, जॉश नेलरला पाच वर्षांसाठी ठेवून घेतलंय, आणि वू, कर्बी, गिल्बर्ट हे घरचे पिचर आहेत. २००७ सारखा फुगवलेला आकडा यामागे नाही, २०२५ मध्ये टीमने दिल्या त्यापेक्षा बऱ्याच जास्त धावा केल्या होत्या. पण २०२४ च्या जूनमध्ये डिव्हिजनमध्ये दहा सामन्यांची आघाडी होती आणि ती महिन्याभरात संपली, हेही मी पाहिलंय. म्हणून एप्रिलमधल्या तक्त्यावर जाऊ नका. मेअखेर मुलाला घेऊन बसा आणि दोन आकडे काढा, केलेल्या धावा आणि दिलेल्या धावा. फरक पन्नासच्या वर असेल तर मधले पराभव चालतील. फरक उणे असेल आणि तरीही विजय जास्त असतील, तर जुलैअखेरच्या सुमारास खेळाडूंच्या देवाणघेवाणीची मुदत संपण्याआधी व्यवस्थापन कोणाला देऊन कोणाला आणतं, यावर लक्ष ठेवा. २००८ ची सुरुवात अशाच देवाणघेवाणीतून झाली होती.